‘देशी गुलाब’ म्हणजे कोणता? जुन्या सूचिपत्रांची साक्ष

गुलकंदासाठी अगर गुलाबपाण्यासाठी लागवड करू इच्छिणारा शेतकरी रोपे आणावयास जातो तेव्हा ‘देशी गुलाब द्या’ एवढेच म्हणतो, आणि विकणाराही ‘हा घ्या देशी’ असे म्हणून रोपे मोजून देतो. व्यवहार दोन मिनिटांत आटोपतो व दोघांचेही समाधान होते. परंतु ‘देशी’ हे कोणत्याही एका गुलाबाचे नाव नव्हे. या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळी झाडे खपू शकतात. एक दमास्क, ज्याला उत्तरेत चैती गुलाब म्हणतात. दुसरा एडवर्ड. तिसरा बारमाही थोडी थोडी फुले देणारा जुना चिनी गुलाब. आणि चौथे म्हणजे ज्याच्यावर डोळा भरावयाचा ते नुसते खुंटाचे झाड. या चौघांचा सुवास निराळा, फुलण्याचा काळ निराळा, पाकळीचा भरणा निराळा.

दमास्क हा मुख्यतः वर्षातून एकदाच, हिवाळा सरता सरता व उन्हाळ्याच्या तोंडाशी बहरतो. अत्तराच्या व गुलाबपाण्याच्या धंद्यात त्याला मान आहे, कारण त्याचा सुवास श्रेष्ठ समजला जातो. तरीसुद्धा एक किलो तेल निघण्यास सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात. पुरती थंडी मिळाली नाही तर त्याचा तो एकुलता एक बहरही रोडावतो. एडवर्डचे तसे नाही. तो वर्षातून अनेकदा फुलतो, उष्णता बऱ्यापैकी सोसतो व फाट्यापासून सहज जगतो. आता रोज सकाळी पाटीभर फुले बाजारात न्यावयाची असा बेत करून ज्याने रोपे लावली, त्याच्या पदरी दमास्क पडला तर काय होईल? झाडे जोमदार वाढतील, पाने हिरवीगार दिसतील, खत-पाण्यात काही उणे नाही असे वाटेल, पण फूल दिसणार नाही. शेतकरी खताला दोष देईल, पाण्याला देईल, जमिनीला देईल. दोष फक्त नावाचा आहे हे कळावयास दोन वर्षे जातील, आणि तेवढ्या अवधीत जमीन, मजुरी व उमेद ही तिन्ही खर्ची पडलेली असतील.

‘नाव घेऊन काय चाटायचे आहे? फूल चांगले असले म्हणजे झाले,’ असे काही अनुभवी शेतकरी बोलून दाखवितात. ज्याचे झाड डोळ्यांपुढे फुललेले आहे त्याच्यापुरते हे म्हणणे खरेही आहे. पण रोप विकत घेताना फूल दिसत नसते. दिसते ती वीतभर काडी व चार पाने. त्या वेळी शेतकऱ्याच्या हाती नावाखेरीज दुसरा आधार नसतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार रोपांच्या धंद्यात जितका महाग पडतो तितका दुसऱ्या कोठे क्वचितच पडत असेल.

यावर उपाय म्हणून जुन्या गुलाबांची खरी नावे शोधावयाची झाल्यास ती कोठे सापडतील? वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत मुख्यतः जाती मिळतात, वाण फारसे मिळत नाहीत. वाणांची नावे राहिली आहेत ती रोपवाटिकांच्या जुन्या सूचिपत्रांत, म्हणजे ज्याला आपण साध्या भाषेत कॅटलॉग किंवा दरपत्रक म्हणतो त्यात. माल खपावा एवढ्याच हेतूने छापलेले हे कागद आज गुलाबांच्या कुळकथेचे दप्तर होऊन बसले आहेत. अमेरिकेत लाँग आयलंडवरील फ्लशिंग येथे प्रिन्स घराण्याची रोपवाटिका होती. तिने १७७१ साली झाडांची छापील यादी काढली होती, आणि त्याच घराण्यातील विल्यम रॉबर्ट प्रिन्स यांनी १८४६ साली गुलाबांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. इंग्लंडात टॉमस रिव्हर्स यांचे पुस्तक १८३७ साली निघाले, विल्यम पॉल यांचे १८४८ साली. हे दोघेही मुळात रोपे विकणारे. ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकार्थर यांनी कॅम्डेन येथील आपल्या झाडांचे सूचिपत्र १८४३ साली छापले व पुढे त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. तेथील जुन्या घरांच्या व दफनभूमींच्या आवारातील अनामिक गुलाब ओळखताना असली सूचिपत्रे उपयोगी पडतात, कारण त्या खंडात कोणता वाण केव्हापर्यंत येऊन पोहोचला होता याचा पुरावा त्यांत मिळतो.

आपल्या देशातही असे कागद नव्हते असे नाही. कलकत्त्याजवळील वनस्पती उद्यान १७८७ साली स्थापन झाले. तेथील झाडांची विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलेली यादी ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने १८१४ साली श्रीरामपूर येथे छापली गेली. १८२० साली विल्यम केरी यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्येची सोसायटी निघाली. पश्चिम भारतातील तशाच सोसायटीकडे आज पुण्याच्या एम्प्रेस गार्डनची व्यवस्था आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे जी. मार्शल वुड्रो यांचे बागकामावरील पुस्तक एके काळी पश्चिम भारतातील बागवानांच्या हाती असे. पुढे १९६६ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने डॉ. बी. पी. पाल यांचे ‘द रोज इन इंडिया’ प्रसिद्ध केले. डॉ. पाल हे गव्हाचे संशोधक व परिषदेचे पहिले महासंचालक, आणि गुलाबाचे निस्सीम भक्त. गव्हाच्या माणसाने गुलाबावर एवढा परिश्रम घेतला, यावरून हा विषय केवळ हौसेचा नव्हे हे ध्यानी यावे.

एडवर्ड गुलाबाची कथा या दृष्टीने फार बोधप्रद आहे. हिंदी महासागरातील ज्या बेटास आज रेयुनियाँ म्हणतात त्याचे पूर्वीचे नाव बूर्बाँ. तेथील शेतकरी आपल्या जमिनीभोवती गुलाबाचे कुंपण करीत, त्यात एक चिनी गुलाब असे व एक दमास्क. या दोहोंच्या नैसर्गिक संकरातून एक नवे झाड निपजले. तेथे ते ‘रोज एदुआर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. फ्रेंच सरकारचे वनस्पतितज्ज्ञ ब्रेआँ १८१७ साली बेटावर गेले व त्यांनी तेथून पॅरिसजवळच्या नुयी येथील माळी जाक यांच्याकडे बी पाठविले. त्या बियांपासून पुढे बूर्बाँ गुलाबांचे सारे घराणे वाढले. आपल्याकडील एडवर्ड म्हणजे हाच एदुआर, असे गुलाबाचे जाणकार मानतात. फ्रेंच नावाचे इंग्रजी झाले आणि मग ते आपल्या माळ्यांच्या तोंडी रुळले. ज्याला आपण ‘अगदी आपला, देशी’ म्हणतो तो असा बेटावरून आलेला आहे. उलट ‘रोझा इंडिका’ या शास्त्रीय नावाने जो गुलाब पुस्तकांत नोंदला गेला तो मुळात चिनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी चिनी गुलाब युरोपात गेले ते बरेचसे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, आणि वाटेत कलकत्त्याच्या बागेत मुक्काम करून. नावावरून मूळ ठिकाण ठरवू नये, हा धडा येथेच घ्यावा.

सूचिपत्र हे साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदार खरे बोलतो, विसरतो आणि प्रसंगी स्वार्थासाठी वाढवूनही सांगतो. सूचिपत्र छापणाऱ्यास रोप खपवावयाचे असते ही गोष्ट वाचकाने क्षणभरही विसरता कामा नये. त्यातील ‘काळा गुलाब’ म्हणजे गडद तांबडा एवढेच समजावे, आणि ‘निळा’ म्हणजे फिकट जांभळट. चित्रांत फूल पानाच्या मानाने फार मोठे काढलेले असते. रंगांची नावे तर ज्याच्या त्याच्या मनाची. त्यातून थंड देशात लिहिलेले वर्णन आपल्या उन्हात जसेच्या तसे उतरत नाही. युरोपीय घराण्यातील बहुतेक गुलाब उन्हात फिके पडतात, तर चिनी घराण्यातील पुष्कळांचा रंग उन्हाने उलट गडद होतो. ही खूण मात्र सूचिपत्रात सहसा लिहिलेली नसते, ती झाडापाशी उभे राहूनच पाहावी लागते.

नावांचा घोटाळा तर विचारूच नये. अमेरिकेत अतिशय गाजलेला ‘अमेरिकन ब्यूटी’ हा मुळात फ्रान्समध्ये १८७५ साली निघालेला ‘मादाम फर्दिनां जामँ’ होय. समुद्र ओलांडताना त्याचे नाव बदलले व नव्या नावाने तो जास्त किमतीस विकला गेला. १९०१ सालचा ‘फ्राउ कार्ल द्रुश्की’ हा पांढरा गुलाब जर्मन नावाचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रूचे नाव नको म्हणून इंग्रजी सूचिपत्रांत तो ‘स्नो क्वीन’ झाला. दुसरे युद्ध संपता संपता आलेला ‘पीस’ हा फ्रान्समध्ये ‘मादाम ए. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया डाय’ आणि इटलीत ‘जोइया’. आपल्या हौशी बागवानांचा आवडता ‘सुपर स्टार’ अमेरिकेत ‘ट्रॉपिकाना’ म्हणून ओळखला जातो. जुन्या गुलाबी चिनी गुलाबाला तर ‘ओल्ड ब्लश’, ‘पार्सन्स पिंक’, ‘ओल्ड मंथली’, ‘पिंक डेली’ अशी नावे चिकटलेली आढळतात. ही सारी एकाच झाडाची आहेत हे ठाऊक नसले तर वाचणारा चार झाडे शोधीत बसेल.

तरीही या कागदांतून काही गोष्टी बऱ्याच भरवशाने काढता येतात. पहिली म्हणजे घराणे. जुन्या सूचिपत्रांत गुलाबांची मांडणी घराण्याप्रमाणे असे: दमास्क, सेंटिफोलिया, मॉस, चिनी, चहागंधी, नॉयझेट, बूर्बाँ, हायब्रिड पर्पेच्युअल. नावापुढे घराण्याची आद्याक्षरे छापलेली असत. एकोणिसाव्या शतकातला व्यापारी रंग फुगवून सांगेल, पण चहागंधी गुलाबाला मॉस म्हणून विकणे त्याला परवडत नसे, कारण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येऊन जाब विचारी. दुसरी गोष्ट म्हणजे काळाची मर्यादा. एखादे झाड अमुक साली लावले असे घरच्या कागदांवरून नक्की असेल, तर त्यानंतर निघालेली सारी नावे आपोआप बाद होतात. १८६७ सालचा ‘ला फ्रान्स’ हा हायब्रिड टी वर्गाचा पहिला गुलाब मानण्याचा प्रघात आहे, आणि त्या वर्षापूर्वी अस्तित्वात असलेल्या वर्गांतील गुलाबांना जुने गुलाब म्हणण्याची रीत अमेरिकेतील गुलाब सोसायटीने घातली आहे. तिसरी गोष्ट किमतीची. नवा वाण पहिल्या वर्षी महाग असे व दरसाल उतरत जाई. जो वाण वर्षानुवर्षे स्वस्त यादीत दिसतो तो पुष्कळ परसांत पोहोचला असला पाहिजे. सबब ओळख पटविताना आधी स्वस्त, टणक व फाट्याने जगणारी नावे तपासावीत, दुर्मिळ नावे मागाहून. आपण नेमके उलट करतो. परसात गुलाब दिसला की तो राजघराण्यातला असावा असे वाटू लागते.

हे मी दुसऱ्यास शिकवितो आहे खरे, पण याच मोहात मी स्वतःही सापडलो होतो. एका जुन्या वाड्याच्या परसात, विहिरीच्या कडेला, वाटीसारखी गुलाबी फुले असलेले झाड होते. माझ्याजवळ एका परदेशी सूचिपत्राचे रंगीत पान होते आणि त्यावर ‘पॉल नेरॉन’ होता. फ्रान्समध्ये १८६९ साली निघालेला, अतिशय मोठ्या फुलाबद्दल नावाजलेला. चित्र आणि झाड यांत मला सारखेपणा दिसला, कारण तो दिसावा अशी माझी इच्छा होती. मी पाटी रंगवून लावली. पुढच्या पावसाळ्यानंतर शांतपणे पाहिले तेव्हा खोड काट्यांनी भरलेले, फूल चित्रातल्याच्या निम्मेही नाही आणि सुवास मात्र भरपूर. पॉल नेरॉनच्या काड्या सरळ उभ्या व जवळजवळ बिनकाट्याच्या असतात, आणि सुवासासाठी तो मुळीच प्रसिद्ध नाही. झाड एडवर्डचे होते. पाटी मी काढली, पण तोवर तिघांनी त्या झाडाचे फाटे पॉल नेरॉन म्हणून नेले होते. त्यांतल्या दोघांना मी गाठून सांगितले. तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. त्याच्या बागेतून ते खोटे नाव आणखी किती बागांत गेले असेल हे मला आज सांगता येणार नाही.

तेव्हा आधी झाड व मागाहून कागद, हा क्रम सोडू नये. झाडाची नोंद पूर्ण झाल्यावाचून सूचिपत्र उघडूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकदा नाव डोक्यात शिरले की डोळे त्या नावाप्रमाणे पाहू लागतात. पाहावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. वर्षातून किती वेळा फुलतो व कोणत्या महिन्यांत, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईस विचारावे, तिच्याइतके अचूक कोणी सांगणार नाही. काटे सारखे आहेत की लहानमोठे, सरळ की वाकडे, त्यांत बारीक केस मिसळलेले आहेत काय, हे पाहावे. दमास्कच्या काड्यांवर लहानमोठे काटे दाटीने असतात, चिनी गुलाबावर ते विरळ, आकडीसारखे व बहुधा तांबूस असतात. पानाच्या पर्णिका तीन-पाच की पाच-सात, गुळगुळीत व चकचकीत की करड्या व खालून लवदार, हे बोटाने चाचपून पाहावे. कळीखालचा देठ चिकट लागतो काय, हे अवश्य पाहावे, कारण दमास्कच्या देठावर ग्रंथी असतात व हाताला वास राहतो. कळीभोवतालच्या हिरव्या निदलांना पिसासारखे फाटे आहेत की ती साधी आहेत, आणि फूल गळल्यावर जे फळ धरते ते लांबट की वाटोळे, हेही टिपावे. फळ धरतच नसेल तर तसेही लिहावे. फुलाचा रंग सकाळी व दुपारी असा दोनदा पाहावा. एवढी माहिती एका पानावर मावते.

याच वेळी आणखी एक तपासणी करावयाची, आणि ती फार महत्त्वाची आहे. झाडाच्या बुंध्याशी माती थोडी उकरून डोळा भरल्याची गाठ दिसते काय ते पाहावे. गाठ असेल व फुलणारी फांदी गाठीच्या खालून आलेली असेल, तर ते झाड कोणाच्याही आजोबांनी हौसेने आणलेले दुर्मिळ वाण नव्हे. वरचे कलम मेले व खालचा खुंट माजला एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशात खुंटासाठी एडवर्ड, मल्टिफ्लोरा, इंडिका ओडोराटा आणि अलीकडे नाताळ ब्रायर ही झाडे वापरात आहेत. मल्टिफ्लोराची फुले लहान व झुबक्यांनी येतात आणि पानाच्या देठाशी जे उपपर्ण असते त्याची कड झालरीसारखी फाटलेली असते. ही एक खूण ध्यानात ठेवली तरी पुष्कळ फसवणूक टळेल. जे झाड गाठीवाचून, स्वतःच्याच मुळावर उभे आहे, जे एका घरातून दुसऱ्या घरी फाट्याने गेले आहे, त्याची ओळख शोधण्यासारखी असते. माहेराहून सासरी येताना कोणी ओल्या फडक्यात काडी गुंडाळून आणली, अशा गुलाबांची संख्या आपल्या खेड्यांत वाटते त्याहून अधिक असावी.

आता नाव सापडलेच नाही तर काय करावे? या बाबतीत अमेरिकेतील टेक्सास व आसपासच्या प्रांतांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जे काम झाले ते आपल्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य जाणून घ्यावे. तेथील कृषी विस्तार सेवेतील उद्यानतज्ज्ञ डॉ. विल्यम वेल्च व त्यांच्यासारखी मंडळी जुनी घरे, ओसाड वाड्या व दफनभूमी हिंडून, मालकाची परवानगी घेऊन फाटे गोळा करीत. ओळख न पटलेल्या झाडास ते अंदाजाने जुने नाव देत नसत. ते त्याला तात्पुरते नाव देत आणि ते तात्पुरते आहे हे कळावे म्हणून दुहेरी अवतरणचिन्हांत लिहीत. लुइझियानात पत्नीच्या आजीच्या घरी सापडलेल्या एका तांबड्या सुवासिक गुलाबास डॉ. वेल्च यांनी “मॅगी” म्हटले. टेक्सासमधील कॉल्डवेल गावचा एक गुलाब “कॉल्डवेल पिंक” झाला. पुढे मॅगीसाठी जुन्या याद्यांतून एकाहून अधिक नावे सुचविण्यात आली. आपल्या आंध्रातील काकिनाडा येथे मिळालेला एक तांबडा गुलाबही तोच असावा असे मत मांडले गेले आहे. वाद अजून असला तरी बिघडले काहीच नाही, कारण तात्पुरत्या नावामुळे ते झाड जपले गेले, वाढविले गेले आणि कोणाचीही फसवणूक झाली नाही.

आपल्याकडेही हेच करावे. अनोळखी गुलाबास गावाचे नाव व रंग जोडून तात्पुरते नाव द्यावे, पाटीवर तसे लिहावे, आणि खरे नाव ठरेपर्यंत विक्रीच्या पावतीवरही तेच राहू द्यावे. ‘देशी’ हा शब्द मात्र पावतीवरून हद्दपार झाला पाहिजे. शासकीय रोपवाटिकांनी यात पुढाकार घेतला तर खाजगी विक्रेत्यांना मागोमाग यावेच लागेल.

कोणी म्हणेल की आता प्रयोगशाळेत जनुकांची परीक्षा होते, मग जुन्या कागदांची जरुरी काय? जनुकांची परीक्षा मोठी उपयुक्त आहे यात शंका नाही. दमास्क हा दोन नव्हे तर तीन रानटी जातींच्या संकरातून झाला, हे जपानी संशोधकांनी २००० साली याच मार्गाने दाखवून दिले. परंतु परीक्षा सांगते ती नाती. हे झाड त्या झाडासारखे आहे, एवढे ती सांगू शकते. ते दुसरे झाड खऱ्या नावाचे आहे हे कोणी सांगावयाचे? ज्या चार चिनी गुलाबांनी युरोपातील गुलाबशेतीचे रूप पालटले, त्यांपैकी १८०९ सालचा ‘ह्यूम्स ब्लश’ व १८२४ सालचा ‘पार्क्स यलो’ हे मूळ रूपात आज कोठे आहेत याविषयी जाणकारांत एकमत नाही. नावाची पाटी असलेली झाडे आहेत, पण पाटी खरी की खोटी हाच वाद आहे. अशा वेळी पुन्हा त्या काळच्या वर्णनांकडे, चित्रांकडे व याद्यांकडेच जावे लागते.

म्हणून आपल्या स्वतःच्या याद्यांची आज जी अवस्था आहे ती पाहून खेद होतो. परदेशी सूचिपत्रे मिळविणे आता सोपे झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयात रोपवाटिकांची व बियाण्यांची दोन लाखांहून अधिक सूचिपत्रे जपून ठेवलेली आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी जैवविविधता वारसा ग्रंथालयाच्या संगणकीय दालनात कोणासही विनामूल्य, हातातल्या मोबाईलवरसुद्धा, वाचता येतात. फिलाडेल्फियातील माळ्याने दीडशे वर्षांपूर्वी कोणता गुलाब किती सेंटला विकला हे आपल्याला घरबसल्या कळते. पण आपल्याच जिल्ह्यातील रोपवाटिकेने १९७० साली कोणता गुलाब विकला हे विचारले तर उत्तर मिळत नाही. मी एका कार्यालयात जुन्या रोपविक्रीच्या नोंदवह्यांची चौकशी केली तेव्हा त्या मागच्याच उन्हाळ्यात रद्दीत गेल्याचे समजले. ज्यांनी त्या दिल्या त्यांचा दोष मी मानीत नाही. जागा अडते म्हणून जुने कागद काढून टाका असा आदेश होता, आणि ते कागद कोणाच्या उपयोगी पडतील असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

हे केवळ शंभर वर्षांपूर्वीच्या गुलाबांपुरते नाही. नाशिककडील उघड्या शेतात ज्या ग्लॅडिएटरने शेतकऱ्यांना रोजचा पैसा दाखविला, मावळातील हरितगृहांत जे टॉप सिक्रेट व ताजमहाल पिकतात, तेही उद्या जुने होतील. बाजाराची आवड पालटली की मळेच्या मळे उपटले जातात. त्यांची नावे, ती कोणत्या साली आली, कोणत्या खुंटावर भरली, कोणत्या दराने गेली, हे लिहिलेले दरपत्रक आज कोणीही फुकट देईल. वीस वर्षांनी ते कोठेच नसेल. ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागातील प्रत्येक रोपवाटिकेचे दरवर्षीचे एक दरपत्रक मागून घ्यावे, त्यावर ताबडतोब तारीख घालावी, कारण दरपत्रकावर बहुधा तारीखच नसते, आणि ते तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा शाळेच्या कपाटात ठेवावे. खर्च काही नाही. घरोघरी जुन्या पत्रांच्या तारेत अडकविलेल्या बियाणे-रोपांच्या पावत्या असतील तर त्यांचीही छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

फाटे घेण्यास पावसाळा संपल्यानंतरचा काळ, थंडी पडू लागण्याच्या सुमारास, आपल्या बाजूस चांगला. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फुलून गेलेली पक्व काडी निवडावी, वीतभर लांबीचे तुकडे करावेत, वरचा काप तिरका व खालचा डोळ्यालगत सरळ घ्यावा, आणि दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल असे लावावेत. एका झाडाचे निदान पाच-सहा फाटे घ्यावेत व ते दोन निरनिराळ्या ठिकाणी वाढवावेत, म्हणजे एका ठिकाणचे पाणी तुटले तरी वाण जात नाही. मूळ झाड मात्र आहे तेथेच राहू द्यावे आणि मालकाला विचारल्यावाचून काडीस हात लावू नये. फाट्याबरोबर झाडाच्या नोंदीचे ते एक पान, कळी, उमललेले फूल, पान, काटे व बुंधा यांची छायाचित्रे, आणि घरातील माणसे त्या गुलाबाला काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाकडे द्यावे. नावाचा रकाना रिकामा असला तरी चालेल.